खळ्यावरची हरकत

नवी मुंबईत कोणाच्याही घरी जा, गाडी लावायला जागा मिळत नाही ही तक्रार चहाच्या आधी ऐकायला मिळते. सेक्टरांत मिळते, आणि सेक्टरांच्या मधोमध उरलेल्या जुन्या गावठाणांत तर जास्तच. जुईनगरच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला असलेलं खारवणे गाव त्याला अपवाद नव्हतं. बैलगाडीपुरत्या गल्ल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं, आणि घरागणिक दारात एखादी तरी चारचाकी. म्हणून गावाला लागून असलेल्या रिकाम्या भूखंडावर वाहनतळ करण्याचा प्रस्ताव नियोजन कार्यालयात तयार झाला, तेव्हा सगळे धरून चालले की या कामाला कोणी आडवं येणार नाही.

आणि कोणी आलंही नाही. गावातल्या घरोघरी जाऊन लोकांचं म्हणणं विचारण्याचं काम उन्नती साळवेकडे होतं. तिनं आणलेल्या प्रश्नावल्यांवर एकाच रकान्यात खुणा होत्या : हरकत नाही.

उन्नती त्या कार्यालयात शिकाऊ उमेदवार होती. नगररचनेची पदवी ती कॉलेज आणि कार्यालय अशी दोन्हीकडे मिळून करत होती. निम्मा आठवडा वर्गात, निम्मा इथे. मुळात तिला प्रश्न फार पडत. सेक्टरांचे आकडे असे उलटसुलट का? रबाळ्याकडून येणारा रुंद रस्ता मध्येच कुठे आणि कशामुळे आक्रसतो? खाडीजवळच्या तळ्यांना लोखंडी झडपा कशासाठी बसवल्यात? कार्यालयातल्या बहुतेकांना तिच्या प्रश्नांचा कंटाळा यायचा. तिच्या मार्गदर्शक शर्मिला मॅडमना मात्र यायचा नाही. त्या वरिष्ठ नियोजक होत्या, कमी बोलायच्या, आणि प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी बऱ्याचदा नुसतं म्हणायच्या, “चल, बघून येऊ.”

प्रश्नावल्यांचा गठ्ठा पाहून सर्वांत खूश झाला तो केतन. प्रस्ताव त्याच्या टेबलावरून जायचा होता.

“एकूण एक घर? शंभर टक्के?” तो म्हणाला. “अगं, सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची म्हटली तरी दोन जण भांडतात. तू काय जादू केलीस? पेढे वाट आता. मी सोमवारी प्रस्ताव वर पाठवतो, तुझा कॉलेजचा अहवालही पक्का झाला म्हणून समज.”

उन्नतीला बरं वाटलं. कोणाला नाही वाटणार? तिचा तो पहिलाच स्वतंत्र अहवाल होता आणि या सत्राचे गुण त्यावरच ठरणार होते.

शर्मिला मॅडमनी गठ्ठा चाळला. मधूनच एखादं पान काढून पाहिलं. मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, “उन्नती, शाळेत तापमापी वापरली असशील ना? समज, ती बर्फात बुडवली आणि गरम चहात बुडवली, दोन्हीकडे सारखाच आकडा आला. तर तू काय म्हणशील?”

“तापमापी बिघडलीय म्हणेन.”

“मग इथे काय म्हणशील?”

उन्नती गोंधळली. “पण मॅडम, मी स्वतः विचारलंय. एकही उत्तर मनाचं लिहिलेलं नाही.”

“ते मला माहीत आहे. तू काय विचारलंस? जसं तिथे म्हणालीस तसंच म्हणून दाखव.”

“मी म्हटलं, तुमच्या गावालगतच्या जागेवर वाहनतळ करायचा आहे, तुमची काही हरकत आहे का? ते म्हणाले, काय हरकत नाय.”

मॅडम उठून उन्नतीच्या टेबलापाशी आल्या. “जरा इथे बसते मी. हरकत नाही ना?”

“नाही नाही, काहीच हरकत नाही मॅडम,” असं म्हणत उन्नती झटकन उभी राहिली. मॅडम तिच्या खुर्चीवर बसल्या, तिच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या, आणि समोरचं वर्तमानपत्र उघडून वाचू लागल्या. एक बातमी वाचून झाली, दुसरी झाली. उन्नती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभीच. पलीकडे केतन हसायला लागला होता.

“तुला उभं राहायचं होतं का?” मॅडमनी वर्तमानपत्रामागून विचारलं.

“नाही.”

“मग हरकत नाही का म्हणालीस?”

उन्नतीलाही हसू आलं. पण तिला ते सगळं पटलं नव्हतं. “तुम्ही मोठ्या आहात, म्हणून मी म्हटलं. गावातल्या लोकांना माझी कसली भीती? मी तर शिकाऊ.”

“ते मलाही ठाऊक नाही,” मॅडम खुर्ची रिकामी करत म्हणाल्या. “सोमवारला अजून वेळ आहे. बघून ये.”

त्या संध्याकाळी उन्नती घरी आली तीच एक शब्द डोक्यात घेऊन. तिचे वडील परभणीकडचे; रबाळ्याच्या एका कारखान्यात लागले तेव्हापासून कुटुंब जुईनगरला होतं. आई भाकरी थापत होती. उन्नतीनं ओट्याला टेकून विचारलं, “आई, तू ‘माझी काही हरकत नाही’ कधी म्हणतेस?”

“हे काय मधेच?”

“सांग तर.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. “जेव्हा सगळं आधीच ठरलेलं असतं, तेव्हा,” ती सहज म्हणाली. “तुझे पप्पा विचारतात बघ, आत्याकडे जायचं ठरवलंय, तुझी काही हरकत नाही ना? आता तिकिटं काढून आलेल्या माणसाला मी काय सांगू? मला विचारायचंच असतं तर ‘कुठं जायचं’ असं विचारलं असतं.”

बाहेरच्या खोलीतून पप्पांचा आवाज आला, “मी ऐकतोय हां.”

“ऐका की. माझी काही हरकत नाही,” आई म्हणाली, आणि मायलेकी दोघी हसल्या.

पण हसता हसता उन्नतीच्या मनात लख्ख काहीतरी झालं. हे वाक्य ती जन्मापासून ऐकत आली होती आणि त्याचा अर्थ तिला आज प्रथमच दिसत होता! ‘हरकत नाही’ म्हणजे ‘हो’ नव्हे. समोरच्याचं ठरलेलं आहे हे ओळखून माणूस जे बोलतो, ते हे वाक्य. मग खारवण्याच्या घरोघरी तिनं नेमकं काय गोळा केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावात गेली. या वेळी गळ्यात ओळखपत्र नव्हतं आणि हातात प्रश्नावलीही नव्हती. मागच्या खेपेला ती भर दुपारी आली होती. तेव्हा भूखंड नकाशात दाखवल्यासारखाच दिसला होता, रखरखीत आणि रिकामा. आता तो रिकामा नव्हता. जुनी जाळी अंथरून त्यांवर ओला जवळा पसरला होता, बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगलेले होते, आणि दोन-तीन बायका वाकून जवळ्यावरून हात फिरवत होत्या. पलीकडे तळ्याचं पाणी चमकत होतं आणि त्यावरून थेट वारा येत होता.

त्यांतल्या एका म्हातारीला उन्नतीनं ओळखलं. बयाबाई म्हात्रे. मागच्या वेळी याच बाईनं तिला दारात उभी पाहून आधी पाणी दिलं होतं, मग सरबत, आणि मग ‘काय हरकत नाय’ असं म्हणून बोलणं संपवलं होतं.

“काय गो, परत आलीस? काय इसरलीस काय आमच्याकडं?” बयाबाईंनी कपाळावर हात धरून विचारलं.

“नाही आजी, नुसती बघायला आले.”

“जवला बघाला? तुमच्या सेक्टरात नाकाला पदर लावतात जवला बघून.”

“आमच्याकडे नाही लावत. आई कांदा घालून करते, आम्ही तुटून पडतो.”

म्हातारीच्या चेहऱ्यावरची घडी मोडली. तिनं बसायला एक पालथी बादली सरकवली. उन्नतीनं मग जे मनात येईल ते विचारलं. जवळा कुठून येतो, किती ऊन लागतं, घराच्या गच्चीवर का नाही सुकवत. बयाबाईंची उत्तरं त्यांच्या हातांसारखीच चालू होती. दिवाळे गावाच्या धक्क्यावरून पहाटे ओली मच्छी आणायची, इथे सुकवायची, स्टेशनपाशी बसून विकायची. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, आणि खालचे भाडोत्री वास येतो म्हणून बोंबलतात.

“या जागेला काही नाव आहे का?” उन्नतीनं विचारलं. नकाशात तिला फक्त भूखंडाचा क्रमांक होता.

“नाव काय, खला.”

“खळं? भात झोडपायचं?”

“मंग. आमची शेतं होती तवा आख्या गावचा भात हितं पडाचा. आता शेतावर तुमचे सेक्टर झाले. भात गेला, खला ऱ्हायला.” बयाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तू काय शिकतंस म्हनालीस त्या दिशी?”

“गाव कसं आखायचं, ते.”

“आमचा गाव आखलेला हाय गो बाय. तू दुसरा काय तरी शीक.”

शेजारच्या बायका खदखदून हसल्या. उन्नतीही हसली. मग हसणं ओसरल्यावर तिनं हळूच विचारलं, “आजी, त्या दिवशी तुम्ही हरकत नाही म्हणालात.”

“मंग काय बोलाचा? तू उन्हाची आलीस, चांगली पोर, दारात उभी ऱ्हाऊन इचारतंस, हरकत हाय काय. हरकत कोन घेतं? ज्याला भांडाचा हाय तो. मना तुझ्याशी कशाला भांडाचा?”

“पण इथे वाहनतळ झाला तर जवळा कुठे सुकवणार?”

बयाबाईंचा हात जवळ्यावर थांबला. मग पुन्हा फिरू लागला, पण आधीपेक्षा हळू.

“नाय सुकवाचा,” त्या म्हणाल्या. “घरात बसाचा. सून देल ते खायाचा.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि उन्नतीला तेच सहन होईना. एका बाईची सकाळ, तिचं काम, तिच्या मैत्रिणी, चार लोकांत बसण्याची तिची जागा, हे सगळं उन्नतीच्या एका खुणेनं पुसलं जाणार होतं, आणि ती खूण करायला त्या बाईनंच तिला सरबत पाजून मदत केली होती.

तिची नजर तळ्याकडे गेली. त्या लोखंडी झडपांबद्दल मॅडमनी तिला एकदा इथेच उभं राहून सांगितलं होतं. नवी मुंबईतली बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून झडप दाबतं आणि ती घट्ट मिटते. ओहोटी लागली की बाहेरचा दाब उतरतो, मग आत साठलेलं पाणी आपल्याच वजनानं झडप ढकलून वाहू लागतं. कोणी कळ दाबत नाही. फक्त बाहेरचा दाब कमी व्हावा लागतो.

माझा प्रश्नच बाहेरून दाबत होता, उन्नतीच्या मनात आलं. आधी वाहनतळ सांगितला, मग हरकत विचारली. आतलं बाहेर येणार कुठून?

तिनं नवा प्रश्न जुळवला आणि सगळ्यांनाच विचारला, “ही जागा उद्या सकाळी नसेल, तर तुमचं काय काय अडेल?”

सगळ्याच एकदम बोलू लागल्या. गोधड्या धुऊन कुठे वाळत घालायच्या इथपासून सुरुवात झाली. पोरी संध्याकाळी कबड्डी खेळतात, त्या काय रस्त्यावर खेळतील? गणपतीच्या नाचाचा सराव कुठे? तेवढ्यात बयाबाईंची सून काशी चहाची किटली घेऊन आली. तिनं प्रश्न ऐकला आणि किटली खाली ठेवायच्याही आधी म्हणाली, “आणि हळद? गावातल्या सगळ्या हळदी इथंच होतात. गल्लीत मांडव घातला तर माणूस आडवा जाईना.”

बोलण्याचा आवाज वाढला तसा काशीचा नवरा हरेश आला. गावात त्याच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या, दारात दोन गाड्या होत्या, आणि वाहनतळाची मागणी करणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे होता.

“काय मॅडम, परत सर्वे? त्या दिवशी झाला ना. आमच्या घरची काय हरकत नाय, लिहून दिलंय मी.”

“घरची म्हणजे कोणाकोणाची?” उन्नतीनं विचारलं. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं, पण प्रश्न हरेशला लागला.

“बघा, तुम्हाला सोपं वाटतं,” तो म्हणाला. “मागच्या महिन्यात शेजारच्या गंगारामकाकांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स नाक्यावर अडकली, गल्लीत दोन्हीकडून गाड्या. आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पळत नेलं. वाचले नशिबानं. आता बोला, जवळा मोठा की माणूस?”

त्याचं खोटं नव्हतं. आणि हीसुद्धा गोष्ट तिच्या प्रश्नावलीत कुठे आली नव्हती. हरेशच्या पानावरही तीच एक खूण होती.

“गल्लीत गाड्या लावल्या कोणी?” काशीनं कपात चहा ओतत विचारलं. “दोन आपल्याच होत्या. आणि प्रियाची हळद कुठे करणार आहात? पोरीचं लग्न ठरलंय. हॉलवर करणार? तिथं नऊला लाइट बंद करतात, हळद तर रात्रभर चालते.”

हरेश आईकडे वळला. “आय, तू मना काय बोलली नायस.”

“तू इचारलंस काय?” बयाबाई शांतपणे म्हणाल्या. “तू सांगलंस. आय, पार्किंग होते, तुझी हरकत नाय ना? असा इचारल्यावर मी काय बोलू?”

हरेश मोबाइल वाजल्याचं निमित्त करून निघून गेला.

कार्यालयात परतल्यावर उन्नतीनं सगळं सांगितलं. केतननं डोक्याला हात लावला.

“दोन-चार बायकांच्या सुक्या मासळीसाठी प्रस्ताव थांबवायचा? लोकांनी आपल्या तोंडानं हरकत नाही म्हटलंय.”

“त्यांनी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलंय,” उन्नती म्हणाली. “प्रश्नच चुकला होता. जागा जाण्याचं दुःखही त्यात आलं नाही आणि अँब्युलन्स अडकल्याचंही नाही. एकच खूण दोघांची.”

“मग तुझ्या अहवालाचं काय? नव्यानं सर्वेक्षण करणार, म्हणजे या सत्रात सादर होणार नाही. मागे पडशील.”

हे तिला ठाऊक होतं. येताना बसमध्ये तिनं त्याच एका गोष्टीचा विचार केला होता. आधीच्या प्रश्नावल्या खोट्या नव्हत्या. तशाच राहू दिल्या असत्या तर कोणी तिला दोष दिला नसता. आपली चूक फक्त आपल्यालाच दिसते, तेव्हा ती सांगायची की नाही हे ठरवणं फार अवघड असतं.

“मागे पडेन,” ती म्हणाली. “पण हे सर्वेक्षण ग्राह्य धरू नका, असं मी लिहून देते.”

केतननं शर्मिला मॅडमकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

“केतन, आपण या जागेला रिकामी म्हटलं. कारण आपण गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. मग लोकांना विचारलं ते अशा शब्दांत, की ‘नाही’ म्हणायला माणसाला भांडखोर व्हावं लागेल. आपल्याकडे दारात आलेल्याशी कोण भांडतं? माणसाच्या भलेपणाचा आपण संमती म्हणून उपयोग केला. कायद्यात तो बसेल. पण त्यावर आखलेलं शहर लोकांचं होईल का?”

“पण पार्किंग लागणारच आहे, मॅडम.”

“लागणारच आहे. तेही त्यांनाच विचारू. खळ्यावर जाऊन, सकाळी, बायका असतात त्या वेळी.”

रविवारी सकाळी खळ्यावर सभा झाली. जाळ्यांची एक बाजू गुंडाळून सतरंज्या टाकल्या होत्या. केतन आला होता, थोडा नाराजच. गंगारामकाका त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आले होते आणि सगळ्यांना ती दाखवत होते, “माझी अँब्युलन्स हीच.” पुरुष पुढे, बायका मागे, असं आपोआप झालं होतं.

केतननं घसा साफ केला. “तर या जागेवर वाहनतळ करण्यास कोणाची काही…” इथे तो अडला. त्यानं उन्नतीकडे पाहिलं, हातातला कागद खिशात घातला आणि म्हणाला, “जाऊ द्या. आधी तुम्ही सांगा. या जागेत काय चालतं, आणि गाड्यांमुळे काय अडतं?”

सवयीनं हरेश उठला. गावच्या बैठकीत म्हात्र्यांच्या घरातून तोच बोलायचा. “आमच्या घरची…” त्यानं सुरुवात केली. पण तो मध्येच थांबला, मागे वळला, आणि बायकांच्या रांगेत बसलेल्या आईला म्हणाला, “आय, तू बोल.”

“मी काय बोलू?”

“काय असल ते. मी नाय बोलत आज.”

बयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर सारखा केला. एवढ्या माणसांत त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. मग त्या केतनकडे पाहून म्हणाल्या, “साहेब, रागावू नका. माझी हरकत हाय.”

मग त्यांनी पसरलेल्या जाळ्यांकडे हात केला.

“हितं माझा काम हाय. ह्या बायांचा हाय. पोरींचा खेल हाय, हलद हाय. आनि गंगाराम पन जगला पायजे, तो माझा दीर हाय. गल्ली मोकली करा. गाड्या लांब लावा, पोरांना चार पावलं चालवा. पन खला नको.” इतकं बोलून त्या खाली बसल्या, आणि लगेच पुन्हा अर्ध्या उठल्या. “आनि चा झाल्याबिगर जाऊ नका.”

लोक हसले, पण ते हसणं मोकळं होतं. त्यानंतर सभा उशिरापर्यंत चालली. मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. कोणीतरी सुचवलं की हायवेकडच्या सेवारस्त्यालगत विजेच्या मोठ्या तारांखाली पट्टा पडून आहे, तिथे गाड्या लागू शकतात का. ते परवानगीचं काम होतं. केतननं ते लगेच मान्य केलं नाही, पण त्यानं जागा पाहायचं कबूल केलं आणि दुपारी उन्नतीला घेऊन ती पाहिलीही. हरेशनं त्याच दिवशी आपल्या दोन्ही गाड्या गल्लीतून काढून बाहेर नेऊन लावल्या. चालत परत येताना त्याला घाम फुटला होता आणि काशी दारात उभी राहून मजा बघत होती.

प्रस्ताव बदलून वाहनतळ सेवारस्त्यालगतच्या पट्ट्यावर न्यायला बरेच महिने गेले. उन्नतीचा अहवाल पुढच्या सत्रात सादर झाला. नव्या नकाशावर त्या भूखंडापुढे तिनं ‘रिकामा’ हा शब्द खोडून ‘खळे : सार्वजनिक वापर’ असं लिहिलं, आणि शर्मिला मॅडमनी त्याखाली सही केली.

वाचकहो, आपण सगळेच कुठे ना कुठे विचारणारे असतो. सोसायटीच्या सभेत असतो, कार्यालयात असतो, घरात जेवताना असतो. आधी ठरवून मग ‘हरकत नाही ना?’ असं विचारणं सोपं असतं, कारण त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. पण ज्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे, तो प्रश्न कशाला विचारायचा? विचारायचंच असेल तर ठरवण्याआधी विचारावं, आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणताना वाईट वाटणार नाही अशा शब्दांत विचारावं. आणि आपल्याला कोणी विचारलं, तर भलेपणापोटी आपलं म्हणणं गिळू नये. हरकत घेणं म्हणजे भांडण नव्हे. ज्या जागेत, ज्या घरात आपण राहतो, ते आपलंही आहे, एवढंच ते सांगणं आहे. आणि ते सांगून झाल्यावर चहाही देता येतो.